सहावी तबकडी

मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या इमारतीत अर्बाबला कुणीच पाहिलेलं नव्हतं. कंपनीचा मालक म्हणून त्याचं नाव पप्पांच्या पगारपत्रकावर होतं, ऑफिसच्या दारावरही होतं. पण न दिसणाऱ्या माणसाला रोजच्या रोज घाबरत राहणं कठीण असतं. म्हणून आम्ही घाबरायला ब्रिटो अंकलना निवडलं होतं. ते तिसऱ्या मजल्यावर बरोबर आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे मडगावचे, बायको-मुलं तिकडेच, इथे एकटे. कंपनीच्या सगळ्या भारतीय नोकरांचे पासपोर्ट एका तपकिरी रेक्झिनच्या बॅगेत घालून ते सरकारी कचेरीत जायचे आणि शिक्के मारून आणायचे. त्या बॅगेत आमच्या घरातले तिघंही असायचे: पप्पा, आई आणि चौदा वर्षांची मी. ब्रिटो अंकल जिन्यात भेटले की पप्पा भिंतीला चिकटून वाट द्यायचे आणि "साहेब" म्हणायचे. पप्पा ड्राफ्ट्समन होते, त्यांचा पगार ब्रिटो अंकलपेक्षा जास्त असावा असा मला आजही संशय आहे. पण पगारापेक्षा शिक्का मोठा.

त्या वर्षी हा धाक जरा खराखुरा झाला होता. एक मोठं काम कंपनीच्या हातून गेलं होतं आणि 'फॅमिली पाठवणं' सुरू झालं होतं. म्हणजे माणूस इथेच राहायचा, बायको-मुलांचा व्हिसा मात्र पुन्हा व्हायचा नाही. आधी पहिल्या मजल्यावरचे शेट्टी गेले, म्हणजे शेट्टीण काकू आणि दोन मुलगे गेले. शेट्टी काका उरले आणि महिन्याभरात लुंगीवर जिन्यात दिसायला लागले. त्यांच्या घरातून सकाळी इडलीच्या वाफेचा वास यायचा, तो बंद झाला. आमचे व्हिसे सप्टेंबरअखेरीला संपत होते. घरात हा विषय कुणी काढत नसे, पण आईने नवीन पडदे शिवायचं कापड आणून तसंच ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "शिक्का पडू दे, मग शिवते." मला पाठवलं असतं तर महाडजवळ काकांच्या घरी राहावं लागलं असतं. काकांची मला भीती नव्हती. पप्पांना मात्र मी लुंगीवर जिन्यात उभे असलेले पाहत होते, डोळे मिटले की लगेच.

आता ब्रिटो अंकलच्या तबकड्यांबद्दल. त्या काळात मस्कतमध्ये सगळे कॅसेट ऐकायचे. रुवीच्या बाजारात दर दुसऱ्या दुकानात कॅसेटींची भिंत असायची. कॅसेट ऐकणाऱ्यांना ब्रिटो अंकल 'पब्लिक' म्हणायचे. त्यांच्याकडे होत्या एलपी, काळ्या, ताटाएवढ्या, मोजून नऊ. कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर सुट्टीवरून येताना एकेक आणून द्यायचा. आणि या नऊच्या नऊ रॉक संगीताच्या तबकड्या एकाच जागी रेकॉर्ड झालेल्या होत्या. मॉन्टसेराट नावाच्या बेटावर एक स्टुडिओ होता, तिथे. कव्हरच्या मागे, तळाशी, मुंगीच्या अक्षरात बेटाचं नाव छापलेलं असायचं. ते नाव नसेल तर ब्रिटो अंकल ती तबकडी घ्यायचेच नाहीत, मग बँड कितीही मोठा असो. महिन्यातून एकदा ते आम्हाला दर्शनाला बोलवायचे. आधी हात धुवायचे. मग कंपनीच्या भांडारातले पांढरे सुती हातमोजे चढवायचे. मग प्रवचन.

"जाधव, वेस्ट इंडिज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?"

"फास्ट बॉलर, साहेब," पप्पा म्हणायचे.

"तेच तर. पब्लिकला बॉलर आठवतो. अहो, तिथे एक टीचभर बेट आहे. डोंगरावर स्टुडिओ, समोर समुद्र, मधे पोहायचा तलाव. लंडनचे मोठे मोठे बँड सगळं सोडून तिथे येतात. दिवसा पोहतात, संध्याकाळी बकरा भाजतात, आणि मग वाजवतात. फोन नाही, कटकट नाही. ऐका, नीट ऐका. गिटारच्या मागे हवा ऐकू येते का?"

"येते, साहेब."

मला हवा ऐकू येत नसे. आईला गिटारही ऐकू येत नसावी, तिचं लक्ष गॅसवर ठेवलेल्या वरणाकडे असायचं. ब्रिटो अंकल त्या बेटावर कधी गेले नव्हते. शाळेच्या जुन्या नकाशातून कापलेला एक निळा चौकोन त्यांनी भिंतीवर डकवला होता आणि त्यात बेटाच्या जागी लाल पेनाचा ठिपका होता, बेटाहून मोठा. एवढ्या मोठ्या समारंभाने ऐकलेली गोष्ट चांगली असूच शकत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. समारंभांबद्दल ते अजून तसंच आहे. संगीताबद्दल बदललं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

(माझी मुलगी आता हे सगळे अल्बम फोनवर दोन सेकंदांत काढून दाखवते. मस्कतच्याच माबेला उपनगरातून ऑफिसला जाताना गाडीत मी कधीकधी लावते. ती विचारते, "आई, पण नऊच का? सगळे का नाही घेतले?" तिच्या मराठीला 'दुर्मीळ' हा शब्द माहीत नाही. माहीत असता तरी मी तो कसा समजावला असता कोण जाणे.)

जुलैत ब्रिटो अंकल सहा आठवड्यांच्या सुट्टीवर गोव्याला निघाले. जायच्या आदल्या दिवशी किल्ली घेऊन आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले नाहीत, दारातूनच बोलले. रोज बारा ते चार त्यांच्या खोलीतला एसी चालू ठेवायचा. घर बंद राहिलं तर उन्हाने तबकड्या वाकतात. कशाला हात लावायचा नाही. पप्पांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली. "साहेब, काळजीच करू नका. सुजाता शाळेला सुट्टी म्हणून घरीच आहे, ती बघेल." ब्रिटो अंकल पप्पांकडे बघत, काही बोलायचं असल्यासारखे थांबले, मग म्हणाले, "व्हिशाचं आल्यावर बघू, जाधव. इन्शाल्ला." आणि गेले.

पहिले चार दिवस मी नुसतं बसून पुस्तक वाचलं. पाचव्या दिवशी पहिली तबकडी लावली. हातमोजे घातले होते, हे नोंदवून ठेवते. आवाज अगदी बारीक ठेवला आणि स्पीकरला कान लावून जमिनीवर आडवी झाले. समोर प्रवचन करणारा कुणी नसल्यावर ते संगीत निराळंच निघालं. ढोल छातीत वाजत होता, एक माणूस लांबून हाक मारावी तसा गात होता, आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत खरोखरच काहीतरी होतं. हवा म्हणा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, एसीची घरघर, आणि मी एका हिरव्या डोंगरावर. पंधरा दिवसांत मी नऊही ऐकल्या. सहावी सगळ्यात आवडली. ती मी रोज लावायला लागले, आणि सवय झाली की माणूस ढिला पडतो. हातमोजे गेले. मग मी तिकडे लिंबाचं सरबत नेऊ लागले.

सरबत सांडलं ते अर्धा ग्लास. तबकडी फिरत होती, त्यामुळे ते छान सगळीकडे पसरलं. मी सुई उचलली, फडक्याने पुसलं, तर साखर खाचांत जाऊन बसलेली. बोट लावलं की चिकटत होतं. मी तबकडी मोरीत नेली आणि कपड्यांच्या पावडरने हलक्या हाताने धुतली. इथपर्यंत, जाणकार सांगतात, फारसं काही बिघडलं नव्हतं. पण मी ज्या घरात वाढले तिथे धुतलेली वस्तू गच्चीवर जाते. आईचा मस्कतच्या उन्हावर फार विश्वास होता. "एवढं ऊन फुकट मिळतंय," असं म्हणून तिने गादी, गहू, लोकरीचं स्वेटर, पप्पांचे ओले बूट, माझी सर्दी, सगळ्यावर गच्चीचाच उपाय केला होता. त्या आठवड्यात तिच्या कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्या शेजारी एक पातेलं उलटं ठेवलं, खालून वारा लागावा म्हणून तबकडी त्याच्यावर आडवी ठेवली, आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन खाली पाणी प्यायला गेले.

पंधरा मिनिटांनी वर आले तेव्हा तबकडीने पातेल्याचा आकार घेतला होता. कडा चारी बाजूंनी खाली झुकल्या होत्या, छत्रीसारख्या. मी हात लावला तर ती मऊ होती, पोळीसारखी, आणि गरम. शेजारी कुरडया उत्तम वाळल्या होत्या. मला आधी काहीच वाटलं नाही. मग मी तिथेच, चटके देणाऱ्या सिमेंटवर बसले. माझ्या डोक्यात तबकडी आलीच नाही. तपकिरी बॅग आली.

मऊ आहे तोवर सपाट करावी, एवढं सुचलं. महाडहून पप्पांनी सामानाच्या वजनाची हुज्जत घालून आणलेला दगडी पाटा घरात होता. मी तबकडी दोन वर्तमानपत्रांत घालून पलंगाच्या फळीवर ठेवली आणि वर पाटा. संध्याकाळी आईला चटणी वाटायची होती.

"सुजे, पाटा कुठाय?"

मी पलंगाकडे पाहिलं. आईने पाटा उचलला आणि कागद उलगडला. तबकडी छत्री राहिली नव्हती, पण सपाटही झाली नव्हती. तिच्यावर तीन-चार लाटा उठल्या होत्या.

"ही त्यांची?"

"हो."

मला वाटलं थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. आई मटकन खाली बसली आणि तिने पदर तोंडावर धरला. "आत्ताच करायचं होतंस गं हे? सप्टेंबर तोंडावर आलाय." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "पप्पांना सांगू नकोस. ते आजच गोव्याला फोन करून माफी मागतील." आम्ही दोघींनी मिळून तबकडी कव्हरात घातली आणि जागच्या जागी, सहावी, ठेवली. मग आईने दार ओढून किल्ली लावली.

ऑगस्टच्या मध्यात ब्रिटो अंकल परतले. आम्हाला काजू आणि बेबिंका आणली. आईने ती केकसारखी मिठाई ताटलीत काढून ठेवली आणि आम्ही दोघींनी ती चार दिवस खाल्ली नाही. पप्पांनी सगळी संपवली. "काय माणूस आहे," ते म्हणाले. "तुमच्यासाठी आठवणीने आणलीय, आणि तुम्ही तोंडं पाडून बसता."

ब्रिटो अंकलच्या ऐकण्याला एक शिस्त होती. दर गुरुवारी संध्याकाळी सातला एक तबकडी, विकत घेतल्याच्या क्रमाने. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवार. सुट्टीहून आल्यावर त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. म्हणजे मला गणित सोपं होतं: सहा गुरुवार. त्याच्या आत पासपोर्ट बॅगेतून जाऊन शिक्का घेऊन आले तर आम्ही वाचलो. दर गुरुवारी सातला मी आमच्या दाराला आतून कान लावून उभी राहायची. पहिली लागली. दुसरी लागली. पप्पा दर शनिवारी विचारायचे, "साहेब, आमचं कधी?" आणि ब्रिटो अंकल म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात, जाधव." तिसरी. चौथी. त्यांच्या किल्लीचा आवाज, खोकल्याचा आवाज, बाथरूमच्या नळाचा आवाज, सगळे मला वेगवेगळे ओळखू यायला लागले. शुक्रवारी सकाळी इमारतीतली आम्ही चार-पाच बौद्ध कुटुंबं एकत्र वंदना घ्यायचो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणतात त्याशी, माझा आवाज बसायचा. शेजारी आईचाही बसायचा. पप्पा मात्र खणखणीत म्हणायचे.

पाचवा गुरुवार गेला. त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. ब्रिटो अंकल. दाढी वाढलेली, पायात मोजे नाहीत. आईच्या हातातून पळी पडली. ते आत आले आणि, आजवर कधी बसले नव्हते, ते पप्पांच्या शेजारी कोचावर बसले.

"गेलं, जाधव."

पप्पा पांढरे पडले. "काय गेलं, साहेब?"

"बेट. रेडिओवर सांगतायत. चक्रीवादळ आलं. एक घर धड उभं नाही. स्टुडिओचं काही सांगत नाहीत, पण डोंगरावर होता ना तो. कसा राहील?"

पप्पांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला, आणि तो लपवायची त्यांची धडपडही. "अरेरे," ते म्हणाले. "फार वाईट." आई पाणी घेऊन आली. ब्रिटो अंकलनी ते पिऊन टाकलं आणि जाहीर केलं, की या गुरुवारी सातला इमारतीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे यावं. ते चार शब्द बोलतील, मग तबकडी लावतील. सहावी. "सगळ्यात सुंदर तीच आहे," ते माझ्याकडे बघत म्हणाले. निदान मला तसं वाटलं.

(तो स्टुडिओ पुन्हा सुरू झाला नाही. काही वर्षांनी त्या बेटावर ज्वालामुखीही फुटला. ज्या लोकांची घरं गेली त्यांचा विचार त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नाही, हे लिहायला आज लाज वाटते.)

गुरुवारी दुपारी आईने सभेसाठी बटाटेवडे करायला घेतले. पप्पांनी शर्टाला इस्त्री केली. आमच्या चार घडीच्या खुर्च्या समोर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. ब्रिटो अंकल खुर्च्यांची रांग लावत होते. नकाशाच्या निळ्या चौकोनाला त्यांनी काळी फीत लावली होती. मी शेवटची खुर्ची ठेवली आणि तिची पाठ घट्ट धरून उभी राहिले.

"अंकल, सहावी लावू नका."

"का गं, बाय?"

मी सहावीचं कव्हर रांगेतून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तबकडी बाहेर काढली, हातमोज्यांशिवाय, आणि खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर आडवी धरली. लाटा दिसत होत्या.

"काय केलंस?"

"सरबत सांडलं. मग धुतली. मग गच्चीवर वाळत घातली."

"वाळत? कपड्यासारखी?"

"कुरडईसारखी."

त्यांच्या घशातून एक आवाज आला. खोकला की हसू, ते मला कळलं नाही. "जाधवाला ठाऊक आहे?"

"नाही. आईलापण नाही." खोटं फार सहज आलं. मग जे दीड महिना पाठ केलं होतं ते भडाभडा बाहेर पडलं. "अंकल, आमचा व्हिसा थांबवू नका. पप्पांची काही चूक नाही. मला एकटीला पाठवा. मी जाते. पप्पांना सांगा शाळेसाठी पाठवलं म्हणून."

ब्रिटो अंकल मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले. "मी थांबवतो असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळी इमारतच म्हणते."

त्यांनी तपकिरी बॅग ओढली आणि एक टाइप केलेला कागद काढला. नावं होती. पाचवं नाव पप्पांचं होतं, आणि त्याच्यापुढे इंग्रजीत, फॅमिली परत. कागदाला घडीच्या रेषा पडल्या होत्या, पुष्कळदा उघडून बंद केल्यासारख्या.

"मी सुट्टीवर जायच्या आधीच आली ही यादी. तुझी तबकडी त्यानंतरची. अर्बाबच्या ऑफिसातून येते, वर सही असते. मला कुणी विचारत नाही, बाय. मी फक्त बॅग उचलतो."

मला वाटलं होतं की भीतीला तळ असतो. तो नसतो, हे तेव्हा कळलं. "मग तुम्ही पप्पांना सांगितलं का नाही?"

त्यांनी तबकडी बोटांवर फिरवली. "शेट्टीला सांगितलं तेव्हा तो रडला. माझ्या पाया पडला. तुझा पप्पा तर मला साहेब म्हणतो, भिंतीला लागून वाट देतो. तो पाया पडला तर मी काय करू? मला तुझ्या पप्पाची भीती वाटते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शनिवारी सांगतो. नक्की सांगतो. आज नको. आज माझ्याकडे माणसं येतायत. तू बोलणार नाहीस ना?"

मी मान हलवली. बाहेर पडले तेव्हा आमच्या दारात पप्पा केसांना पाणी लावत उभे होते. "दिल्यास खुर्च्या? काय म्हणाले साहेब?" "काही नाही," मी म्हटलं.

सातला खोली भरली. शेट्टी काकासुद्धा पँट घालून आले होते. ब्रिटो अंकल चार शब्द बोलले, ते साधारण चारशे होते, आणि मग त्यांनी हातमोजे चढवून सहावी तबकडी लावली. मला वाटलं होतं ते वेगळीच एखादी लावतील. सुई लाटांवरून वर चढायची, खाली उतरायची, आणि तिच्याबरोबर गाणाराही. त्याची लांबून मारलेली हाक कण्हल्यासारखी यायची, मग एकदम ताठ व्हायची. कुणीही चकित झालं नाही. हे संगीत असंच असतं अशी सगळ्यांची आधीपासून खात्रीच होती. लोक माना खाली घालून वड्याच्या वासाकडे दुर्लक्ष करत बसले होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता. आपण वाचलो, असं तिला वाटत होतं, आणि मी तिला तसंच वाटू दिलं.

पहिली बाजू संपली. पप्पाच उठले, इस्त्रीच्या शर्टात, डोळ्यांत पाणी आणून. "साहेब," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा मला खरंच ऐकू आला. समुद्र. लाटा अगदी स्पष्ट."

ब्रिटो अंकलनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमचा कान चांगला आहे, जाधव."

"पुढच्या उन्हाळ्यात हिच्या आईला बोलवायचं म्हणतो इकडे, दोन महिन्यांसाठी," पप्पा म्हणाले. "त्या म्हातारीने समुद्र पाहिलेला नाही. तेवढा व्हिजिट व्हिसा तुम्ही करून द्याल ना?"

"इन्शाल्ला," ब्रिटो अंकल म्हणाले, आणि त्यांनी तबकडी उलटी करून दुसरी बाजू लावली.